गावकीला पिंजऱ्यात उभी करा!

१ मे २०२४ च्या सकाळी जालन्यात झेंडा चढला. महाराष्ट्राचा तो मानाचा दिवस. १९८१ साली याच तारखेला औरंगाबादपासून सुटून आमचा जिल्हा स्वतःच्या पायांवर उभा राहिला, म्हणून आमच्या घरचाही सण. मानवंदना झाली, राज्यगीत झाले, पेढे वाटले गेले. त्याच तारखेला याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा नावाच्या खेड्यात गाव जमले. एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून मारले आणि जाळून टाकले. गावातल्या एका चिमुकलीच्या मृत्यूचे बालंट त्यांच्या माथी आले होते. पोलिसांनी पंधरा जणांना धरले. त्या पंधरांत त्या बाईचा नवरा होता. पोटचा मुलगा होता.

ही बातमी वाचून जालन्यातल्या ज्या ज्या शिकल्यासवरल्या माणसाने "ते जंगलातले लोक, आपल्याकडे असले काही नसते बुवा" असे म्हणून पान उलटले, त्याच्यासाठी हा अग्रलेख आहे.

आपल्याकडे नसते? मग भानामतीचा बोभाटा महाराष्ट्रात कोणत्या मुलखाच्या नावाने होतो? अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठल्या, दांडीवरचे लुगडे आपोआप पेटले, चांगली नांदती सून कुत्र्यासारखी भुंकू लागली की "भानामती झाली" म्हणून कपाळाला हात लावणारा मुलूख मराठवाडा आहे, आणि जालना मराठवाड्यातच आहे. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जुन्या जालन्यातल्या तिठ्यांवरून चक्कर मारा. कापलेले लिंबू, हळदीकुंकू, टाचण्या टोचलेली काळी बाहुली पायाखाली येईल. बियाण्यांच्या धंद्यात देशभर नाव कमावलेले, लोखंड वितळवून सळया ओतणारे हे शहर. आणि याच शहरातून, याच जिल्ह्याच्या खेड्यांतून, मनाने आजारी पडलेल्या पोरीला डॉक्टरकडे न नेता होळीच्या यात्रेला पिंपळगाव सराईला, सैलानीला नेतात. त्या आईबापांना आम्ही शिव्या देणार नाही. हतबल माणूस दिसेल त्या वाटेने जातो, आणि मनाच्या डॉक्टरची वाट आमच्या खेड्यांना कुणी घालूनच दिलेली नाही. आमचा राग त्याच्या पुढच्या एका प्रश्नावर आहे. "पोरीला बाहेरचं झालंय" इथपर्यंत ते एका घराचे दुःख असते. "मग केलं कुणी?" असे कुणीतरी विचारतो, आणि त्या क्षणी दुःखाचा खटला होतो.

हा खटला कसा उभा राहतो ते आम्ही सांगतो, कारण आम्ही तो पाहिला आहे. म्हैस अचानक आटते. मोसंबीची बाग पिवळी पडते आणि फळ गाळते. लेकराला हगवण लागते आणि तिसऱ्या दिवशी ते हाती राहत नाही. घरचा कर्ता उठतो आणि 'पाहणाऱ्या'कडे जातो. पाहणारा पाटावर दाणे टाकतो, जोड्या लावतो, डोळे मिटतो. तो नाव कधीच घेत नाही. तिथेच त्याचे सारे कसब. "उगवतीच्या अंगाचं घर. बाई हाये. एकटी. तुमच्यात येती-जाती." बस्स, एवढेच. नाव गिऱ्हाईक स्वतःच काढून देते. आणि गिऱ्हाइकाच्या मनात कोणाचे नाव तयार असते? उसने दिलेले पैसे जिने चारचौघांत मागितले तिचे. बांध कोरला म्हणून जी भांडायला उभी राहिली तिचे. नवरा मेल्यावर चार एकर दिराच्या नावावर करून द्यायला जिने अंगठा उठवला नाही, तिचे तर हमखास! सातबाऱ्यावरून जी हटत नाही, तिला चेटकीण ठरवून गावातूनच हटवायचे, हा या खटल्याचा खरा मतलब आहे. इतकी वर्षे आम्ही पत्रकारितेत आहोत. सरपंचाची बायको चेटकीण निघाली, सावकाराची आई करणी करताना सापडली, असे एकदाही कानावर आले नाही. चेटूक जर खरोखरच एखादी विद्या असती तर ती गरीब, म्हाताऱ्या, एकट्या बाईच्याच घरी का मुक्कामाला आली असती?

नाव ठरले की पारावर बैठक बसते. ही बैठक म्हणजे कोर्टच. फक्त तिथे कुणी निकाल लिहीत नाही, कुणी सही करत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कुणीच तिथे हजर नसतो. "गावानं ठरवलं." गाव म्हणजे कोण? नाव सांगा! नाव नसते. गाव हे नाव पांघरून पाचदहा माणसे एका बाईचे आयुष्य मोडतात, बाकीचे दोनशे मान खाली घालून तंबाखू मळत बसतात, आणि ती सारीच्या सारी संध्याकाळी हरिपाठाला जातात.

तीनशे तीस वर्षांमागे अशीच एक गावकी अमेरिकेत बसली होती. गावाचे नाव सेलम. तामिळनाडूतले नव्हे, मॅसेच्युसेट्स नावाच्या इंग्रजी वसाहतीतले. वस्ती प्युरिटनांची. बायबल कोळून प्यालेली, कष्टाळू, कर्मठ माणसे. १६९२ च्या हिवाळ्यात तिथल्या पाद्र्याची, सॅम्युएल पॅरिसची, नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्यासोबत राहणारी अकरा वर्षांची नातलग मुलगी झटके आल्यासारख्या अंग पिळवटू लागल्या, किंचाळू लागल्या. वैद्याने नाडी पाहिली आणि सांगितले की हे बाहेरचे आहे. आणि मग तोच प्रश्न: केले कुणी? पहिली तीन नावे कोणती आली ते वाचा आणि जालन्याच्या कोणत्याही खेड्याशी ताडून पाहा. टिटूबा, पाद्र्याच्या घरची गुलाम बाई. सारा गुड, दारोदार मागून खाणारी. आणि सारा ऑस्बोर्न. ही तिसरी अंथरुणाला खिळलेली होती. पहिल्या नवऱ्याच्या माघारी त्याची जमीन तिने सोडली नव्हती आणि त्या जमिनीवरून तिचा नात्यागोत्याशी वाद चालू होता. ती फासापर्यंत पोहोचलीच नाही. मे महिन्यात तुरुंगातच मेली. समुद्रापलीकडे, वेगळ्या देवाच्या राज्यात, वेगळ्या भाषेत, पण तोच सातबारा!

दीडशेहून जास्त माणसांवर आरोप झाले. १९ जणांना फाशी दिली, त्यांत १४ बायका. जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याने आरोपाला हो-नाही काहीच म्हणायला नकार दिला, तेव्हा त्याच्या छातीवर दगडांमागून दगड रचून त्याला चिरडला. किमान पाच जण तुरुंगात मेले. सारा गुडची चारपाच वर्षांची लेक, डोरोथी, तिला चेटकीण म्हणून बेड्या ठोकल्या आणि महिनोन्‌महिने कोठडीत ठेवली. पुरावा काय होता? "हिचे भूत रात्री येऊन माझा गळा दाबते" असे पोरींनी सांगितले, कोर्टाने ते लिहून घेतले आणि पुरावा म्हणून मान्य केले. रिबेका नर्स ही एकाहत्तर वर्षांची देवभोळी म्हातारी. तिला ज्यूरीने आधी निर्दोष ठरवले होते. पोरी किंचाळल्या, न्यायाधीशांनी ज्यूरीला फेरविचार करायला सांगितले, ज्यूरी आत गेली आणि दोषी ठरवून बाहेर आली. १९ जुलै १६९२ ला ती फासावर गेली. जिने जिने खोटी कबुली दिली ती वाचली. "मी चेटकीण नाही" असे जिने शेवटपर्यंत सांगितले ती मेली. हे सारे थांबले कधी? गव्हर्नर विल्यम फिप्सच्या बायकोचेच नाव पोरी घेऊ लागल्या, तेव्हा! ऑक्टोबरमध्ये त्याने ते कोर्ट बरखास्त केले. चेटकीण वाड्याच्या दाराशी आली तेव्हा कुठे वाड्याला न्याय आठवला.

आता आमचे शहाणे लोक म्हणतील, अहो, अडाणीपणा! शिक्षण पोहोचले की हे आपोआप जाईल. खोटे आहे! १६४७ साली मॅसेच्युसेट्सने कायदा केला की पन्नास घरांच्या प्रत्येक गावाने शिक्षक नेमलाच पाहिजे, कारण माणसाला बायबल वाचू न देणे हा सैतानाचा डाव आहे. सैतानाला हरवण्यासाठी शाळा! आणि त्याच १६४७ साली शेजारच्या कनेक्टिकटमध्ये अ‍ॅल्स यंग या बाईला चेटकीण म्हणून फाशी दिली. त्या वसाहतींतली ही पहिली. सेलमचा मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन हार्वर्डचा पदवीधर होता. त्याच्या शेजारी बसणारा सॅम्युएल सिवॉलही हार्वर्डचाच. अडाण्यांनी नाही, त्या मुलखातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांनी त्या बायकांना फासावर चढवले. आणि इकडे? ३० डिसेंबर २०२४ ला मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या रेट्याखेडा गावात, सत्तरी ओलांडलेल्या एका म्हातारीला जादूटोण्याच्या संशयावरून बांधून मारले, हातांना चटके दिले, मिरचीची धुरी दिली, मूत्र पाजले, गळ्यात चपलांची माळ घालून फिरवले. आरोप कुणावर आला? गावच्या पोलीस पाटलावर! कायद्याचा गावातला कान आणि डोळा म्हणून सरकार ज्याला मानधन देते त्याच्यावर. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्दला, दलित कुटुंबांतल्या सात जणांना भरचौकात खांबांना बांधून मारले. त्यांत म्हाताऱ्या बायका होत्या. कारण भानामती. ज्या जिवतीच्या पहाडावर दुष्काळाने मराठवाड्यातून उठलेली माणसे जाऊन वसली, तिथलीच ही गोष्ट. त्या गावांना शाळा नव्हती काय? मोबाइल नव्हता काय? होता, चौकात मार खाणाऱ्या बायकांकडे तो रोखला होता. देशात चेटकीण-डाकीण या संशयापायी २०२२ या एका वर्षात ८५ खून झाल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरात आहे. जिथे मारून नुसते हाकलून दिले, जिथे पाणी तोडले, जिथे जमीन लाटली, ते त्या ८५ मध्ये नाहीत.

अज्ञान हे या गुन्ह्याचे पांघरूण आहे. ते ओढून काढले की खाली लोभ सापडतो, सूड सापडतो, आणि त्या दोघांच्या आधाराला बसलेले भित्रे गाव सापडते.

आमच्याकडे कायदा नाही असे कुणी म्हणू नये. तो कायदा रक्त देऊन मिळाला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते दहा वर्षांहून अधिक काळ विधानभवनाचे उंबरे झिजवत होते. मसुदा पातळ झाला, पुढे ढकलला गेला, धर्मावर घाला म्हणून झोडपला गेला. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर फिरायला निघालेल्या डॉक्टरांना गोळ्या घातल्या, आणि त्याच आठवड्यात सरकारला वटहुकूम सुचला! डिसेंबरात तो कायदा झाला. खुनाच्या खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. बारसेवाड्याची राख थंड होऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते.

तो कायदा काय म्हणतो ते जालना जिल्ह्यातल्या किती सरपंचांनी वाचले आहे? एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते, असे नुसते पसरवून तिचे जगणे अवघड करणे हाही गुन्हा. जारणमारण, चेटूक या नावाखाली मारहाण, धिंड, रोजच्या व्यवहाराला बंदी, हाही गुन्हा. सहा महिने ते सात वर्षे कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड, अजामीनपात्र. पोलीस ठाण्यात यासाठी दक्षता अधिकारी नेमायची तरतूद त्यात आहे. २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्धही स्वतंत्र कायदा झाला. आम्ही विचारतो: भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी, बदनापूर, जालना, या आठ तालुक्यांतल्या कोणत्या ठाण्याच्या भिंतीवर त्या दक्षता अधिकाऱ्याचे नाव ठळक रंगवले आहे? ज्या म्हातारीचे गावाने पाणी तोडले ती कुणाला हाक मारणार? पोलीस पाटलाला? तो तर पारावर बसला आहे!

आणि धर्माचे कैवारी म्हणवणाऱ्यांनी मध्ये तोंड घालू नये. राजूरच्या गणपतीला अंगारकीला पायी जाणाऱ्यांशी आमचे भांडण नाही, मत्स्योदरीच्या पायऱ्या चढणाऱ्या बायकांशी नाही. त्या वाटांनी आम्हीही गेलो आहोत. यात्रा, कीर्तन, प्रवचन, प्रदक्षिणा यांना हा कायदा हात लावत नाही, असे त्यातच लिहून ठेवले आहे. हा जिल्हा जांबच्या समर्थांच्या जन्माचा. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठणला नाथांनी भुताखेतांवर भारुडे रचून गावाला हसवत हसवत शहाणे करण्याचा उद्योग चारशे वर्षांपूर्वी केला. १८५५ साली जोतिराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले ते गरोदर शेतकरीणीला ग्रहांचे भय घालून लुटणाऱ्यावरच. म्हातारीच्या हाताला चटके देणे हा कुणाचाही धर्म नाही. आणि असलाच, तर त्या धर्माचे नाव मोठ्याने सांगा, म्हणजे आम्हाला पुढचे लिहिता येईल. परंपरा म्हणाल, तर वाईट परंपराही आमची आहेच. पेशव्यांच्या रोजनिशीवर लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी नोंदवले आहे की त्या काळी, विशेषतः कोकणात, भुते घालणाऱ्यांचा आणि चेटूक करणाऱ्यांचा बंदोबस्त हे सरकारी कामच समजले जाई. सरकारने ते काम केव्हाच सोडले. गावकीने ते उचलून धरले आहे.

सेलमची एक गोष्ट आमच्याकडे अजून घडलेली नाही. ती घडावी म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

१४ जानेवारी १६९७. बोस्टनचे साउथ चर्च. फासांना साडेचार वर्षे होत आली होती. उपासाचा, पश्चात्तापाचा दिवस म्हणून सारे गाव प्रार्थनेला जमलेले. न्यायाधीश सॅम्युएल सिवॉलने आपल्या हातचा कागद पाद्र्याकडे दिला आणि तो आपल्या बाकावर उभा राहिला. पाद्र्याने कागद वाचला: सेलमच्या कोर्टात आपण बसलो, त्या दोषाची लाज आणि जबाबदारी आपली आहे, लोकांनी क्षमा करावी. वाचून संपेपर्यंत तो न्यायाधीश भरल्या सभेत उभाच होता. मग मान लववून बसला. त्याच वर्षी बारा ज्यूरी सदस्यांनीही लेखी माफी मागून त्याखाली आपापल्या नावांच्या सह्या केल्या. १७०६ साली, लहानपणी बोट दाखवून माणसे फासावर चढवणारी अ‍ॅन पटनम आपल्याच गावच्या देवळात उभी राहिली आणि तिची कबुली साऱ्यांसमोर वाचली गेली. १७११ साली सरकारने बऱ्याच जणांवरचा कलंक पुसला, वारसांना पैसे दिले. एलिझाबेथ जॉन्सन या बाईचे नाव तेवढे राहून गेले होते. तेही २०२२ साली शाळकरी मुलांच्या पाठपुराव्याने निर्दोष ठरले. ३२९ वर्षांनी! मुख्य न्यायाधीश स्टॉटनने मात्र मरेपर्यंत माफी मागितली नाही, आणि इतिहासाने त्याला ते विसरू दिलेले नाही.

आमच्या मराठी मुलखात बाईला चेटकीण ठरवणारा कोणता पंच असा चावडीवर उभा राहिला? कोणता पोलीस पाटील? कोणता पाहणारा? कोणता दीर? एकाचे नाव कुणी सांगावे, आम्ही ते पहिल्या पानावर छापू. आपल्याकडे पकडले गेलेले जामिनावर येतात, साक्षीदार फिरतात, आणि बाई माहेरी किंवा शहरात परागंदा झालेली असते. तिच्या पडवीत कुणाची तरी जनावरे बांधली जातात. झारखंडच्या छुटनी महातो यांना त्यांच्या गावाने डायन म्हणून हाकलले होते; देशाने २०२१ साली त्यांना पद्मश्री दिली. दिल्लीत टाळ्या वाजवायला काही लागत नाही. ज्या गावाने मारले त्या गावाने हात जोडायला छाती लागते.

म्हणून जिल्हा प्रशासनाकडे आमची विनंती नाही, मागणी आहे. चेटकीण, करणी, भानामती या नावाखाली बाई छळली गेल्याची तक्रार आली की पहिल्या फिर्यादीतच त्या पाहणाऱ्याचे नाव येऊ द्या आणि पारावर बसलेल्या प्रत्येकाचे येऊ द्या. "अज्ञात जमाव" हा शब्द ठाण्याच्या भाषेतून काढून टाका, गावात कुणी कुणाला अज्ञात नसतो. तक्रार आली त्या दिवशी तलाठ्याने त्या बाईच्या गटनंबरावर खूण करावी आणि ती जमीन तिच्या सहीशिवाय, तहसीलदाराने तिला एकटीला समोर बसवून विचारल्याशिवाय, तिळभरही हलू देऊ नये. हे एकच पाऊल टाका, आणि बघा गावोगावच्या किती चेटकिणी एका रात्रीत साध्या बायका होतात! ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी मनाचा डॉक्टर बसवा, म्हणजे सैलानीची गाडी भरण्याआधी आईबापांना दुसरे दार दिसेल. आणि १ मे ची ग्रामसभा, जी दरवर्षी पाणीटंचाईच्या घोषणांत आणि चहात संपते, तिच्यात ज्या गावाने कुण्या बाईला नाव ठेवून छळले, वाळीत टाकले, हाकलले, त्या गावाने तिचे नाव घेऊन माफी मागावी, ती इतिवृत्तात लिहावी, आणि त्याखाली "समस्त गावकरी" असे नव्हे, एकेकाने आपले नाव लिहून सही करावी. बाई हयात नसेल तर तिच्या लेकराबाळांसमोर. तीही नसतील तर रिकाम्या जागेसमोर.

दुसऱ्याला उभे राहा म्हणणाऱ्याने आधी स्वतः उभे राहावे. इथे संपादकीय 'आम्ही' सोडून मी लिहितो.

साल १९७२. मी नऊ वर्षांचा. आमचे गाव दुधनेच्या काठचे. नदीची वाळू पांढरी पडली होती. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, घरोघर लाल मिलोची भाकरी शिजे, शाळेत सुकडी मिळे. त्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाचा गाळ पिऊन आमच्या गल्लीतली दोन लेकरे हगवणीने गेली. कुणीतरी पाहायला गेले आणि परत येऊन सांगितले की दक्षिणेच्या दाराची बाई आहे. आमच्या गल्लीत दक्षिणेला दार एकच होते. गावची सुईण, विधवा. आम्ही पोरे तिला आजी म्हणत असू. माझी नाळ तिने कापली होती. पारावर ठरले की तिने विहिरीवर यायचे नाही. मग ती पहाटे उठून दोन कोसांवरच्या कुण्या मळ्यातून घागर भरून आणी, आणि दारापुढच्या रांजणात ओती. दिवसाला एक घागर.

एका दुपारी थोरल्या पोरांनी सांगितले म्हणून आम्ही पाचसहा जण तिच्या दारापुढे गेलो आणि दगड मारले. माझा दगड रांजणाला लागला. रांजण फुटला. पाणी धुळीत पसरले आणि बघता बघता धुळीने ते पिऊन टाकले. ती बाहेर आली. आमच्याकडे तिने पाहिले, मला ओळखले, पण ओरडली नाही. खाली बसून खापरांत अडकलेले पाणी ती ओंजळीने तांब्यात भरू लागली. आम्ही पळालो. पावसाळ्याआधीच ती गावातून गेली. तिचे शेत पुढच्या हंगामात तिच्या पुतण्याने पेरले.

मी घरी पळत आलो ते धापा टाकत. मायने विचारले, तिने तुझ्याकडं पाहिलं का? मी हो म्हणालो. त्या रात्री मायने मला चुलीपुढे बसवले, आणि मीठमोहऱ्या ओवाळून माझीच दृष्ट काढली.